परदेशी जोडीदाराबरोबर जर्मनीला जाताना...

लग्न ठरले की आपल्याकडे याद्या सुरू होतात. कार्यालय, केळवणे, मानपान, आहेर आणि सर्वांत शेवटी प्रवासाच्या बॅगा. जोडीदार परदेशी असेल आणि संसार त्याच्या देशात थाटायचा असेल, तर या सगळ्यांच्या आधी आणखी एक यादी करावी लागते. ती कागदपत्रांची असते. तिच्यातील एखादी बाब राहून गेली, तर लग्न होऊनही नवदांपत्याला कित्येक महिने दोन देशांत वेगवेगळे राहावे लागते.

पुण्या-मुंबईतून जर्मनीला जाणाऱ्यांच्या बाबतीत हा अनुभव नवा नाही. चाकणच्या वाहन उद्योगामुळे, तिथल्या विद्यापीठांकडे असलेल्या ओढ्यामुळे आणि मॅक्सम्युलर भवनातील भाषावर्गांमुळे महाराष्ट्राचा जर्मनीशी संबंध जुना आहे. या संबंधांतून विवाहही जुळतात. जर्मनीचे नियम काटेकोर आहेत, पण ते लिखित आहेत. त्यामुळे तयारी कशी करावी, हे समजून घ्यायला हे उदाहरण सोयीचे ठरते. इतर देशांचे नियम वेगळे असले, तरी प्रश्न बहुतेक हेच असतात.

या साऱ्या तयारीमागे एक मुद्दा सतत ध्यानात ठेवायला हवा. विवाहाच्या आधारावर मिळणारा निवास परवाना सुरुवातीची काही वर्षे त्या विवाहालाच बांधलेला असतो. नवा देश, नवी भाषा, ओळखीचे कोणी नाही आणि राहण्याचा हक्कही दुसऱ्याच्या आधाराने, अशी ही अवस्था असते. म्हणूनच निघण्यापूर्वीची तयारी व्हिसा मिळवण्यापुरती न ठेवता, तिकडे गेल्यावर स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल अशा बेताने करणे शहाणपणाचे ठरते.

लग्न कोणत्या कायद्याने?

पहिला प्रश्न विवाहाच्या नोंदणीचा. भटजींनी मंगलाष्टके म्हटली, सप्तपदी झाली, म्हणजे लग्न कायदेशीर झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु हिंदू विवाह कायदा, १९५५ हा वधू-वर दोघेही त्या कायद्याच्या अर्थाने हिंदू असतील तरच लागू होतो. बौद्ध, जैन आणि शीख यांचाही त्यात समावेश आहे. दोघांपैकी एक ख्रिस्ती असेल, तर या कायद्याखालील विवाह वैध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे भारतात लग्न करायचे असल्यास विशेष विवाह कायदा, १९५४ हाच खात्रीचा मार्ग आहे.

या कायद्यानुसार दोघांपैकी किमान एकाने ज्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य केले आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती ३० दिवस प्रसिद्ध केली जाते. हरकत न आल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन आठवड्यांची रजा काढून आलेल्या परदेशी वराशी नोंदणी विवाह उरकून घेऊ, हा बेत फसतो तो येथेच. नोटिशीची तजवीज आधी करून मगच विमानाची तिकिटे काढावीत.

परदेशी जोडीदाराकडे विवाहास कायदेशीर अडथळा नसल्याचा त्याच्या देशाचा दाखला मागितला जातो. जर्मनीत तो स्थानिक विवाह नोंदणी कार्यालय म्हणजे ‘श्टांडेसआम्ट’ देते. पूर्वी घटस्फोट झालेला असेल, तर त्याचा अंतिम हुकूमनामाही लागतो. हे कागद कुटुंबीयांनी स्वतः पाहावेत. त्यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे स्थळाची चौकशी होतेच, तीच येथे अधिकृत कागदांच्या आधारे करायची असते.

लग्न जर्मनीतच करायचे ठरल्यास त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो आणि विवाह श्टांडेसआम्टमध्येच व्हावा लागतो. विदेशी विवाह कायदा, १९६९ नुसार परदेशातील भारतीय वकिलातीत विवाह करण्याची सोय आहे खरी. मात्र वर किंवा वधू जर्मन नागरिक असेल, तर जर्मनीतील वकिलातीत लागलेले असे लग्न जर्मन कायदा ग्राह्य धरत नाही.

नावांचा घोळ

मराठी कुटुंबांना सर्वाधिक त्रास होतो तो नावांचा. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली रीत जर्मन कार्यालयांना परिचित नसते. पारपत्रावर नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडलेले असेल, तर तिकडे ते दोन्ही मिळून तुमचेच नाव समजले जाते. मग बँकेपासून विम्याच्या कार्डापर्यंत सर्वत्र मुलीच्या नावाला वडिलांचे नाव चिकटून राहते.

त्यातच जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि पदवी प्रमाणपत्रावर फक्त आद्याक्षरे, असा प्रकार सर्रास आढळतो. जुन्या जन्मदाखल्यांवर तर बाळाच्या नावाचा रकानाच कोरा असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. अशा दाखल्यात महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडून नाव घालून घ्यावे लागते. या कामाला वेळ लागतो. म्हणून साखरपुडा होताच सर्व कागद एका टेबलावर मांडून त्यांवरील नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत.

लग्नानंतर नाव बदलायचे की नाही, हेही याच वेळी ठरवावे. आडनाव बदलण्याची सक्ती भारतीय कायद्यात नाही आणि जर्मन कायद्यातही नाही. जर्मनीत १ मे २०२५ पासून दांपत्याला दोन्ही आडनावे जोडून एक कुलनाम घेण्याचीही मुभा मिळाली आहे. व्हिसा प्रक्रिया चालू असताना मध्येच नाव बदलले, तर प्रत्येक कागदाचे स्पष्टीकरण द्यावे लागते. पहिला निवास परवाना हाती पडेपर्यंत जुनेच नाव ठेवले, तर बरीच दगदग वाचते.

‘अ‍ॅपॉस्टिल’ची गफलत

परदेशासाठी कागद प्रमाणित करायचे म्हटले की बहुतेक जण परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अ‍ॅपॉस्टिल’ शिक्का घेण्यास धावतात. त्यासंबंधीच्या हेग करारात भारत २००५ मध्ये सहभागी झाला आणि फ्रान्स, ब्रिटनसारख्या देशांत हा शिक्का चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या सहभागाला हरकत घेतली. त्यामुळे या दोन देशांपुरता तो करार लागू झालेला नाही. एजंटांना पैसे देऊन घेतलेला शिक्का अशा वेळी निरुपयोगी ठरतो.

त्याऐवजी जर्मन कार्यालये गरज वाटल्यास आपल्या वकिलातीमार्फत कागदांची प्रत्यक्ष पडताळणी करवून घेतात. वकिलातीने नेमलेली व्यक्ती नोंदणी कार्यालयातील मूळ रजिस्टर तपासते, शाळेत चौकशी करते, प्रसंगी घरीही येते. याचा खर्च अर्जदाराला करावा लागतो आणि त्यात काही महिने जातात. घरच्यांना याची आगाऊ कल्पना असलेली बरी. अनोळखी माणूस मुलीची चौकशी करू लागला म्हणून त्याला दारातूनच परत पाठवल्यास पडताळणी अडते.

भाषेची अट आणि एक विसंगती

ऑगस्ट २००७ पासून जर्मनीने पती किंवा पत्नीच्या व्हिसासाठी प्राथमिक जर्मन भाषेची अट घातली आहे. ‘ए-१’ या पहिल्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मुंबई आणि पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ही परीक्षा होते. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण मिळून १०० पैकी ६० गुण मिळवावे लागतात. या पातळीसाठी साधारण ८० ते २०० तासिका लागतात, असे ही संस्था सांगते. म्हणजे नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्याने किमान चार-सहा महिने हाताशी ठेवावेत.

या अटीत एक गंमतीची विसंगती आहे. जर्मनीत ‘ब्लू कार्ड’वर काम करणाऱ्या भारतीय अभियंत्याच्या पत्नीला ही परीक्षा द्यावी लागत नाही. जर्मनीत राहणाऱ्या फ्रेंच नागरिकाच्या भारतीय पत्नीलाही नाही. पण खुद्द जर्मन नागरिकाच्या पत्नीला ती, काही अपवाद वगळता, द्यावीच लागते. नवरा जर्मन आहे, म्हणजे सारे सोपे होईल, या भरवशावर राहू नये.

परीक्षेपुरती भाषा शिकून थांबणे मात्र घातक ठरते. डॉक्टरला दुखणे सांगणे, घरभाड्याचा करार वाचणे, मुलाच्या शिक्षिकेशी बोलणे या गोष्टी ‘ए-१’वर भागत नाहीत. घरात दोघे इंग्रजीत बोलत असतील, तर जर्मन मागेच पडते आणि प्रत्येक पत्र वाचून घेण्यासाठी जोडीदाराची वाट पाहावी लागते. तिथे गेल्यावर शासनाचा ‘एकात्मता अभ्यासक्रम’ असतो. त्यात सर्वसाधारणपणे भाषेचे ६०० तास आणि देशाच्या ओळखीचे १०० तास असतात. शक्य झाल्यास भारतातूनच ‘ए-२’ पूर्ण करून निघावे.

व्हिसा आणि पहिली तीन वर्षे

पर्यटक व्हिसावर जाऊ आणि तिथेच मुक्काम कायम करून घेऊ, हा सल्ला अनेक हितचिंतक देतात. तो धोक्याचा आहे. दीर्घकाळ राहण्यासाठी निघण्यापूर्वीच कुटुंब-एकत्रीकरणाचा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो, अन्यथा बहुधा भारतात परतून नव्याने अर्ज करण्याची वेळ येते. दोघांचेही वय १८ पूर्ण असावे लागते. जोडीदार जर्मन नागरिक असल्यास पुरेसे उत्पन्न दाखवण्याची अट सहसा लावली जात नाही. तो जर्मनीत राहणारा इतर देशाचा नागरिक असल्यास मात्र उत्पन्न व घर दोन्ही पाहिले जाते.

जर्मनीत पोहोचल्यावर परदेशी नागरिक कार्यालयातून निवास परवाना मिळतो. या परवान्यावर पहिल्या दिवसापासून नोकरी किंवा व्यवसाय करण्याची मुभा असते. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जोडीदाराची ‘परवानगी’ त्यासाठी लागत नाही.

जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनंतर, सहजीवन चालू असल्यास आणि भाषा ‘बी-१’ पातळीची असल्यास, कायम निवासाचा अर्ज करता येतो. परंतु त्याआधी दांपत्य विभक्त झाले तर काय? जर्मनीत तीन वर्षे एकत्र संसार झालेला असेल, तरच स्वतंत्र निवासाचा हक्क मिळतो, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यापूर्वी विभक्त झाल्यास परवान्याची मुदत कमी केली जाऊ शकते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. कौटुंबिक हिंसेसारखी असह्य परिस्थिती असल्यास तीन वर्षांची अट शिथिल होते. ‘मला सोडलेस तर तुला देशाबाहेर काढतील’ ही धमकी म्हणूनच खरी मानू नये. हिंसाचारग्रस्त महिलांसाठी जर्मनीत ११६०१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे अनेक भाषांत मदत मिळते. बर्लिनचा भारतीय दूतावास आणि फ्रँकफर्ट, म्युनिक व हॅम्बुर्ग येथील भारतीय वाणिज्य दूतावास यांचे पत्तेही जवळ ठेवावेत. आपले पारपत्र, परवाना आणि पदव्यांची प्रमाणपत्रे स्वतःच्या ताब्यात ठेवावीत आणि त्यांच्या प्रती माहेरी ठेवून जाव्यात. सुखाच्या संसारातही यात गैर काही नाही.

पैसा आणि मालमत्ता

अनिश्चित काळासाठी परदेशी स्थायिक होणारी व्यक्ती परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी ठरते. तिचे साधे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते. भविष्य निर्वाह निधीचे म्हणजे पीपीएफचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही. भारतातील घरभाडे व एनआरओ खात्यावरील व्याज यांवर भारतात कर लागतोच. बँकेशी जोडलेला भारतीय मोबाइल क्रमांक बंद पडला, तर सांकेतिक क्रमांक न मिळाल्याने खातेच हाताबाहेर जाते. तो क्रमांक चालू ठेवण्याची व्यवस्था करूनच निघावे.

सातबारावर नाव असणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते, पण विकताना ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. जमिनीच्या वा सदनिकेच्या व्यवहारासाठी विश्वासू नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचे असेल, तर ते निघण्यापूर्वीच दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. परदेशातून केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

वारसाहक्काचा मुद्दा तर फारच कमी लोकांना माहीत असतो. हिंदू व्यक्तीने विशेष विवाह कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन नसलेल्या व्यक्तीशी लग्न केल्यास ती एकत्र कुटुंबातून कायद्याने विभक्त झाली, असे मानले जाते. तिच्या पश्चात तिच्या मालमत्तेची वाटणी भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार होते. दुसरीकडे, युरोपीय संघाच्या ऑगस्ट २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार जर्मनीत कायम वास्तव्य असलेल्या व्यक्तीच्या वारशाला सर्वसाधारणपणे जर्मन कायदा लागतो. मात्र मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. दोन्ही देशांत मालमत्ता असेल, तर मृत्युपत्र करून ठेवणे हाच उपाय.

विवाहपूर्व संपत्ती करारावर आपल्याकडे बोलणेही अशुभ मानले जाते. गोव्यात मात्र पोर्तुगीजकालीन नागरी संहितेमुळे पती-पत्नींच्या सामायिक मालकीचा आणि विवाहपूर्व कराराचा विचार पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. जर्मनीत वेगळा करार न केल्यास प्रत्येकाची संपत्ती स्वतःचीच राहते. पण घटस्फोट झाल्यास संसाराच्या काळात झालेल्या वाढीचा हिशेब दोघांत समसमान केला जातो. करार करायचा असल्यास तो तिथे नोटरीपुढेच व्हावा लागतो. अनोळखी भाषेतील अशा करारावर दुभाष्याशिवाय आणि स्वतःच्या वकिलाशिवाय सही करू नये.

मुले आणि नागरिकत्व

जर्मन नागरिकाच्या अपत्याला जन्मतःच जर्मन नागरिकत्व मिळते. भारतीय नागरिकत्वासाठी जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करून बाळाकडे अन्य देशाचे पारपत्र नसल्याचे जाहीर करावे लागते. दोन्ही पारपत्रे एकत्र ठेवता येत नाहीत. त्यामुळे बहुतेक पालक जर्मन पारपत्र घेऊन बाळासाठी ‘ओसीआय’ कार्ड काढतात.

जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वास मोकळीक दिली. त्यामुळे आता दोन्ही नागरिकत्वे ठेवता येतील, असा समज पसरला. भारताच्या नागरिकत्व कायद्यात तसा बदल झालेला नाही. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते आणि पारपत्र परत करावे लागते. परदेशी जोडीदारालाही ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकते, पण त्यासाठी नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे पूर्ण व्हावी लागतात. घटस्फोट झाल्यास ते रद्द होऊ शकते.

मुलांबाबत आणखी एक कटू वास्तव आहे. मुलाला एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग करारात जर्मनी आहे, भारत नाही. दांपत्यात बेबनाव झाल्यावर एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीविना मुलाला भारतात आणले, तर जर्मनीत तो गुन्हा ठरू शकतो आणि प्रकरण दोन्ही देशांच्या न्यायालयांत अडकते. अशा वेळी तिकीट काढण्याआधी वकील गाठणे हिताचे.

बॅगेत काय, काय नाही

आईने बांधून दिलेले साजूक तूप आणि पेढे विमानतळावरच टाकून द्यावे लागतात. युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. हापूस आंब्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. गोडा मसाला आणि आंब्याचे लोणचे मात्र खुशाल न्यावे. लग्नातील नव्या दागिन्यांची यादी, पावत्या व विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवावे. विवाहानिमित्त स्थलांतर करणाऱ्यांना सीमाशुल्कात सवलत आहे, पण ती मागावी लागते. १० हजार युरो किंवा त्याहून अधिक रोख रक्कम जाहीर करणे बंधनकारक आहे.

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. करक्रमांक त्यानंतरच पोस्टाने येतो, म्हणून टपालपेटीवर स्वतःचेही नाव लावावे. भारतीय वाहन परवाना सहा महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सार्वजनिक आरोग्य विम्यात, उत्पन्न नसलेल्या जोडीदाराचा समावेश वेगळा हप्ता न भरता होऊ शकतो. पण आपण घरीच राहणार, हे गृहीत धरू नये. डॉक्टर, परिचारिका यांसारख्या व्यवसायांत पदवीला मान्यता मिळवावी लागते. त्यासाठी विद्यापीठातून गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचा तपशील येथे असतानाच घ्यावा.

निघण्यापूर्वी तपासा

- विशेष विवाह कायद्याखालील विवाह प्रमाणपत्राच्या किमान तीन प्रमाणित प्रती
- नाव असलेला जन्मदाखला. सर्व कागदांवर एकच स्पेलिंग
- ‘ए-१’ प्रमाणपत्र
- पदव्या, गुणपत्रिका, अनुभवाची पत्रे
- लसीकरणाच्या नोंदी (गोवरची लस विशेषतः मुलांसाठी व आरोग्य क्षेत्रात नोकरी करणाऱ्यांसाठी आवश्यक)
- नियमित औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी
- बँक खात्याचा बदललेला दर्जा, नामनिर्देशन, चालू मोबाइल क्रमांक
- कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र
- परतीच्या तिकिटाइतके व दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतके पैसे, स्वतःच्या खात्यात

या यादीतील शेवटची ओळ वापरण्याची वेळ बहुतेकांवर येणार नाही. मात्र आपल्याला परतता येते, हे माहीत असलेली व्यक्तीच परक्या देशात मनापासून राहू शकते.